नाकाचा सलाईन स्प्रे: प्रिझर्व्हेटिव्हवाला की बिगर?

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नाकातून बोलणारी माणसं वाढतात. परभणीकडं सुगी म्हणजे धूळच. मागच्या सुगीत मळणीयंत्रावर काम करणारे एक मामा आले. "भाऊ, ते खाऱ्या पाण्याचं द्या, पण बिगर केमिकलचं. त्या केमिकलनं नाक आतून जळतंय म्हणं, पोरानं मोबाईलवर बघितलंय."

पोरगं पूर्ण चुकीचं नव्हतं, पूर्ण बरोबरही नव्हतं. मी तीन वस्तू त्यांच्यासमोर ठेवल्या.

पहिली, पंपाची साधी 20 मिलीची बाटली. खोका फिरवला की सोडियम क्लोराइडच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं दिसतं, बहुधा 0.01 ते 0.02 टक्के. हे का घालतात? पंप सोडला की गेलेल्या पाण्याच्या जागी बाटली बाहेरची हवा ओढून घेते, आणि तिचं तोंड तर आपण नाकात घातलेलं असतं. त्यातून आत गेलेले जंतू पाण्यात वाढू नयेत म्हणून हे, म्हणजेच प्रिझर्व्हेटिव्ह. मीठ आहे की, मग जंतू कसे वाढतील, असं लोक विचारतात. लोणचं टिकतं ते त्यात मीठ मूठमूठ असतं म्हणून. इथं ते एक टक्काही नसतं.

आता त्या जळण्याचं. नाकाच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलते आणि धूळ चिकटलेला शेंबूड घशाकडं ढकलते. सायनसच्या पोकळ्यांची तोंडं अगदी बारीक असतात आणि त्या रिकाम्या होतात त्या याच लवेमुळं. लव मंदावली की आत साचतं, मग कपाळ ठणकायला लागतं. बेन्झाल्कोनियम जंतूंचं बाहेरचं आवरण फोडतं, आणि प्रयोगशाळेत पेशींवर थेट ओतलं तर ही लवही मंदावते. पण खऱ्या नाकात शेंबडाचा थर मध्ये असतो आणि औषध पातळ होऊन वाहून जातं. त्यामुळं माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत: काहींत त्रास दिसला, बऱ्याचशांत दिसला नाही. 0.01 टक्क्याच्या बाटलीतून 0.1 मिलीचा एक फवारा मारला, तर त्यात हे रसायन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढं असतं. तरी युरोपच्या औषध नियामकानं 2017 मध्ये माहितीपत्रकात असं लिहायला सांगितलं की यानं नाकात जळजळ किंवा सूज येऊ शकते, विशेषतः दीर्घकाळ वापरल्यास. माझ्या मते सगळा मुद्दा त्या "दीर्घकाळ" शब्दात आहे. आठ-दहा दिवसांच्या सर्दीला ही स्वस्त बाटली खुशाल घ्या. पण एकच बाटली घरात पाच जणांच्या नाकात फिरवू नका, प्रिझर्व्हेटिव्ह असलं तरी.

दुसरी वस्तू, दाबाचा डबा. आत पाण्याची पिशवी असते, दाब पिशवीच्या बाहेरून बसतो आणि पाणी एकाच दिशेनं सुटतं. हवा आत शिरतच नाही, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. किंमत साध्या बाटलीच्या कैक पट. "समुद्राचं पाणी" या शब्दांवर भाळू नका, घटकांची यादी वाचा. काही डब्यांत मीठ दोन टक्क्यांच्या पुढं असतं. घट्ट चोंदलेल्या नाकाला ते चालतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात ज्यांचा घोळणा फुटतो त्यांना झोंबतं. आणि हा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. वर्षभर सायनसचा त्रास असेल, रोज मारायचाच असेल, तर मी हाच देतो. विशेषतः डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला असेल तेव्हा, कारण त्यातल्या बहुतेकांत बेन्झाल्कोनियम आधीच असतं, दोन्हीकडून कशाला घ्यायचं? स्टेरॉइड मात्र मनानं बंद करू नका.

तिसरी, 100 मिलीची साधी सलाईनची बाटली आणि बिनसुईची सिरिंज. 0.9 टक्के मीठ, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, फोडेपर्यंत निर्जंतुक. फवाऱ्यानं नाक ओलं होतं, सिरिंजनं धुतलं जातं. भुशाच्या धुळीला धुणंच बरं. अडचण एकच: फोडल्यावर तिला राखण करणारं आत काहीच नाही. चोवीस तासांत संपवा, उरली तर फेका. लोक ती खिडकीत आठवडाभर ठेवतात. तसल्या बाटलीपेक्षा बेन्झाल्कोनियम कधीही परवडलं.

हेच पाणी घरी करायचं असेल तर पाण्याची काळजी मिठाहून जास्त. आपल्याकडं बोअरचं, टँकरचं, जारचं, कुठलंही येतं, आणि आरओचा थंडगार जार म्हणजे निर्जंतुक नव्हे. पिताना पोटातलं आम्ल पुष्कळ निभावून नेतं, नाकात ती सोय नाही. अमेरिकेतल्या लुइझियानात 2011 मध्ये नळाच्या पाण्यानं नेती करणारी दोन माणसं मेंदूत अमीबा शिरून दगावली. असं क्वचितच घडतं, पण पाणी तीन ते पाच मिनिटं खळाखळा उकळून, झाकून कोमट केलं की प्रश्न मिटतो.

मामांना मी तिसरी सुचवली. एका नाकपुडीत वीस मिली, दोन्ही बाजूंना, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे ऐंशी मिली लागतात. बाटली त्याच दिवशी जवळजवळ संपते, साठवायचा मोह नाही. बिगर केमिकलचं हवं होतं, तेही झालं.

पैसे देताना मी सहज विचारलं, आतापर्यंत काय मारत होतात? त्यांनी खिशातून चेपलेली बाटली काढली. मिठाचं पाणी नव्हतंच ते. झायलोमेटाझोलिन, नाक पटकन मोकळं करणारं. आठवड्याच्या आत थांबवायचं असतं, नाहीतर औषध उतरलं की नाक उलट जास्त फुगतं. स्वीडनमध्ये 1990च्या दशकात निरोगी माणसांवर अशाच जातीच्या औषधाचे प्रयोग झाले, त्यात बेन्झाल्कोनियम असलेल्या स्प्रेनं ही सूज आणखी वाढलेली दिसली होती.

"किती दिवस झाले?"

"पोळ्यापासून चालू हाय की."

दिवाळी आठवड्यावर आली होती. मी सलाईनच्या बाटल्या पिशवीत घातल्या आणि त्याच पिशवीवर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची बसायची वेळ लिहून दिली.