कोंबड्यांच्या राखणीला कुत्रं: आधी पश्मी घेतला, मग धनगराच्या वाड्यावरचं पिल्लू आणलं, दोन्हीचा अनुभव

गावातल्या आणि पाव्हण्यातल्या बायका मला सारख्या विचारायल्यात की तुमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतेत, वर कुत्रं पण मोकळंच, तरी एक पण कमी कशी होत नाही, कुत्रं कुठून आणलं, केवढ्याला पडलं. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

आमचं गाव उदगीर तालुक्यात, घर एकदम गावाच्या कडेला. मागं ओढा आणि ओढ्याच्या पलीकडं नुसत्या वेड्या बाभळी. परसात 35-40 गावरान कोंबड्या असतेत. अंड्याचे पैसे माझे, त्याला घरात कुणी हात लावत नाही, लेकीची क्लासची फी त्यातूनच जाते. त्यामुळं एक कोंबडी गेली तरी मला लागतं. खोकड यायचं, रानमांजर यायचं, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त नुकसान गावातल्या मोकाट कुत्र्यांनी केलेलं.

तर ह्यांनी ठरवलं कुत्रं घ्यायचं. माळेगावच्या (नांदेड जिल्ह्यातल्या) यात्रेत श्वान प्रदर्शनात पश्मी जातीची कुत्री बघितली होती, कानाला शेपटीला लांब केस, बारीक कंबर, चालली तरी बघत बसावं असं जनावर. तेच डोक्यात बसलं. एका केनेलवाल्याकडून (नाव घेत नाही) मिरगाच्या टायमाला अडीच महिन्याचं पिल्लू घेतलं, 12 हजार दिले, नाव वाघ्या ठेवलं. त्यानं लई माहिती सांगितली, की कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री जपली, 2005 ला पोस्टाचं तिकीट निघालं, मिलिटरीनं पण मुधोळची कुत्री घेतली. हे सगळं खरंच हाय, मी नंतर बघितलं. पण मी त्याला स्पष्ट विचारलं होतं की कोंबड्या राखायला पाहिजे, त्यावर म्हणाला ताई कोंबड्या काय म्हशी पण राखंल. हे मात्र खोटं होतं. आणि लसीचं कार्ड दिलं ते कोरं, घरी आल्यावर उघडून बघितलं तर आत एक पण स्टिकर नाही. आम्ही उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात नेऊन पहिल्यापासून डोस चालू केले.

पश्मी, कारवान, मुधोळ ही सगळी एकाच गोतावळ्यातली कुत्री, नजरेवर शिकार करणारी. वासावर नाही, डोळ्यावर. समोर काहीतरी पळालं की ती पळणार, त्यांच्या रक्तातच ते हाय, पिढ्यानपिढ्या सशामागं पळायलाच तर तयार केली ती. (आता ससा हरीण मारणं गुन्हा हाय, 1972 पासून कायदा हाय, तरी काही पोरं अजून कुत्री घेऊन माळावर जातेत, ते बंद झालं पाहिजे.) आणि कोंबडी म्हणजे काय, दिवसभर इकडून तिकडं पळणारं पाखरू. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर वाघ्याला मी साखळीत ठेवून रोज त्याच्यासमोर कोंबड्या नाचवल्या नसत्या.

वेळ अमावस्येला सगळे शेतात गेलो. वर्षाचा सण, कोप बांधलेली, भज्जी आंबील, पाव्हणे रावळे, घरी कुणीच नाही. दिवस मावळायला परत आलो तर वाघ्याच्या गळ्यातला पट्टा साखळीला तसाच लटकलेला, ह्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक असतंय त्यामुळं साधा पट्टा मागं सरकला की निघतोच, हे पण आम्हाला नंतर कळालं. परसात 11 कोंबड्या आडव्या. एकीला पण खाल्लेलं नव्हतं. धरली, झटकली, सोडली, तेवढ्यात दुसरी पळाली की तिच्यामागं. आणि वाघ्या नळाजवळ जीभ काढून बसलेला, मला बघून शेपूट हलवायला लागला. त्याला वाटलं आपण लई चांगलं काम केलं. मी त्याला मारलं नाही, सासूबाई म्हणाल्या लेकराला काय कळतंय, आणि बरोबरच हाय ते, चुकीचं काम त्याला आपणच दिलं होतं. काळी नावाची माझी खुडूक बसलेली, 18 दिवस झाले होते, तीन दिवसात पिलं निघणार, ती तेवढी डालग्याखाली होती म्हणून वाचली.

वाघ्या आता शेतात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठ्यावर असतो. मोटार आणि केबल चोरीचं आमच्याकडं किती हाय तुम्हाला माहीतच हाय, तो आल्यापासून आमची केबल कुणी कापली नाही. कुत्रं म्हणून पाचपैकी पाच. कोंबड्यांसाठी शून्य.

आता चांदीचं, म्हणजे वाड्यावरून आणलेल्या पिल्लाचं सांगते. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही रानात खतासाठी मेंढरं बसवतो. त्या वर्षी धनगराच्या वाड्यावर (मेंढरांच्या तळावर) भाकरी द्यायला गेले तर त्यांची कुत्री कोकरांच्या मधीच पसरलेली, एक कोकरू तिच्या पोटावर पाय देऊन पलीकडं गेलं तरी उठली नाही, नुसता एक डोळा उघडून बघितलं. आणि मी दहा पावलांवर आले की तीच कुत्री उभी राहिली, भुंकली पण नाही, नुसती माझ्या आणि कोकरांच्या मधी येऊन थांबली. मी तिथंच ठरवलं. वाड्यावरचे आजोबा म्हणाले, पोरी पिल्लू बघू नको, माय बघ, बाकी काय बघायची गरज नाही. माझ्या मते कुत्रं निवडताना एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी बास. पैसे घेतले नाहीत, आम्ही आपल्या खुशीनं दोन पायली ज्वारी आणि लुगडं दिलं. पिल्लू दोन महिने पुरं झाल्यावरच दिलं त्यांनी, त्याच्या आत मायपासून तोडायचं नाही म्हणाले.

पण धनगराचं आणलं म्हणजे झालं असं नाही, मेहनत हायच. पहिले चार महिने चांदी खुराड्याशेजारी जाळीच्या पलीकडं, कोंबड्या सारख्या डोळ्यासमोर, त्यांचा वास, त्यांचा आवाज. दुपारी कोंबड्या मातीत अंग घोळवत सुस्त पडतेत, त्या टायमाला दोरी लावून मधी घेऊन बसायचं. नजर कोंबडीवर खिळली की लगेच "अं हं" म्हणून दोरीला हलका झटका, पळाल्यावर ओरडून उपयोग नाही, नजर खिळली तिथंच थांबवायचं. काळीनं एकदा तिच्या नाकाडावर अशी चोच मारली की चांदी आठ दिवस पिलांच्या जवळून जाताना पण लांबून वळसा घालायची. तरीसुद्धा सहाव्या महिन्यात खेळता खेळता कोंबडीचं एक पिल्लू मेलंच तिच्याकडून. ह्या वयात अवखळपणा येतोच, त्यामुळं वर्षाचं होईस्तोवर एकटं सोडायचंच नाही, आणि खरी राखण दीड दोन वर्षानंतरच. ज्यांना पुढच्या महिन्यात रिझल्ट पाहिजे त्यांनी कुत्र्याच्या नादी लागू नये, जाळी घ्यावी.

आता ती अडीच वर्षाची झाली. दिवसा लिंबाखाली पडलेली असती. कोंबड्यानं वर बघून तो बारीक "कर्रर" आवाज काढला की कोंबड्या तुळशीकट्ट्याखाली घुसतेत आणि चांदी मान वर करून आभाळ बघती, शिकरा खाली आला तर उडी मारून भुंकती. रात्री खुराड्याच्या दाराला आडवी. मोकाट कुत्री तर आता आमच्या गल्लीतून जाताना पण पलीकडच्या कडेनं जातेत.

कमी कुठं पडती ते पण सांगते. मुंगूस आणि साप तिच्या आवाक्यातलं नाही. मुंगूस मुठीएवढ्या भोकातून येतंय. म्हणून खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेश मारली, ती षटकोनी पातळ जाळी नको, कुत्रं ती दातानं फाडतंय, आणि जाळी जमिनीत फूटभर गाडली. नाग निघाला तर कुत्रं त्याच्याशी भांडायला जातंय आणि जीव जातोय, त्यामुळं आजूबाजूचा उकिरडा, लाकडाचा ढीग आम्ही हलवला. आणि कोंबड्यांना मानमोडी (राणीखेत रोग) आली तर कुत्रं काय करणार, त्याची लस लसोटा द्यायची ती द्यायचीच.

खर्च म्हणाल तर खाणं घरचंच, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, वर कधी उकडलेलं अंडं. कच्चं अंडं आणि चिकनच्या दुकानातली आतडी पाय ह्यातलं काहीच देऊ नका, कोंबडीच्या रक्ताची चव कशाला लावायची. शिजवलेली हाडं पण नको, ती टोकदार तुटतेत. रेबीजची लस तीन महिन्याला आणि मग दरवर्षी, जंताचं औषध वेळेवर. आमच्याकडं सगळ्यात मोठा ताप गोचिडाचा, उन्हाळ्यात रोज कानात आणि बोटांच्या बेचक्यात हात घालून बघते, कारण गोचीड ताप आला की कुत्रं खाणं सोडतंय आणि आठ दिवसात हाडं वर येतेत.

काहीजण व्हिडिओ बघून विचारायलेत की ती परदेशातली पांढरी केसाळ मेंढ्या राखणारी आणावी का. कामाला ती चांगलीच असतेत, पण थंडीच्या मुलखातली. आपल्याकडं मे महिन्यात 42 च्या वर पारा जातोय, चांदीसारखी आखूड केसाची पण ओल्या पोत्यावर पडून धापा टाकती, त्या बिचाऱ्यांचे हाल करू नका.

चांदीची पिल्लं मिळतील का म्हणून फोन यायलेत, तर तिचं ऑपरेशन केलंय, पिल्लं नाहीत. रब्बी निघाली की मेंढरं रानात उतरतेत, तेव्हा वाड्यावर जाऊन विचारा, आणि जाताना भाकरी घेऊन जा, रिकाम्या हातानं जाऊ नका.