परकराचं पॉपलीन: गांधीबागेतल्या एका दुकानाबद्दल

मी नागपूरच्या नंदनवनात घरीच परकर शिवते. महिन्याला साठ-सत्तर होतात, लग्नसराईत त्याहून जास्त. गेली अकरा वर्षं त्याचं कापड, म्हणजे पॉपलीन, गांधीबागेतल्या एकाच दुकानातून घेते. दुकानाचं नाव लिहीत नाही. पुढे थोडी तक्रार आहे, आणि शेठजींकडे माझी उधारी अजून चालायची आहे.

दुकान अरुंद. दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. गाडी आणूच नका, मेट्रोने अग्रसेन चौकात उतरून चालत या. ताके रंगवार लावलेले नाहीत, ते शेठजींच्या डोक्यातल्या हिशेबाने आहेत. तरी साडीचा काठ दाखवला की मिनिटभरात तोच रंग समोर. मग ते ताका उचलून पायरीवर उन्हात नेतात. "ट्यूबलाइटमध्ये रंग खोटं बोलते जी ताई," हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं असेल. माप चोख. सहा कळ्यांच्या परकराला मी सव्वादोन मीटर धरते, एकदाही चार बोटं कमी भरली नाहीत.

कापड येतं राजस्थानातल्या बालोतऱ्याहून. हे गाव मला आधीपासून माहीत. आमचे मिस्टर हवाई दलात, बाडमेरजवळ उत्तरलाईला पोस्टिंग होतं. जोधपूरहून गाडीने जाताना लुणी जंक्शन, समदडी, मग बालोतरा. बालोतऱ्याला पहिल्यांदा उतरले तेव्हा सोबतच्या बाईंना विचारलं, नदी कुठे आहे? त्या म्हणाल्या, त्या वाळूतच तर उभ्या आहात तुम्ही.

नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, बाडमेरकडे तीनशेच्याही आत. बालोतऱ्याची ही नदी म्हणजे लुणी. ती अजमेरजवळ अरवलीत उगम पावते आणि जवळपास 495 किलोमीटर वाहून कच्छच्या रणात जिरते. समुद्र तिला दिसतच नाही. बालोतऱ्यापर्यंत पाणी गोड, पुढे जमिनीतल्या क्षारांमुळे खारट. नावच लवणावरून आलंय. पण कोरडी नदी म्हणजे रिकामी नदी, असं तिथे कोणी समजत नाही. चैत्रात तिलवाड्याला तिच्या पात्रातच तिकडच्या मल्लिनाथ या लोकदेवाचा जनावरांचा मेळा भरतो. उंट, मालाणी घोडे, थारपारकर बैल, आणि आपण वाळूतून चालतोय ते नदीच्या तळावरून. जवळच पचपद्र्याला खारवाल लोक खड्ड्यातल्या खाऱ्या पाण्यात मोरळीच्या काटेरी फांद्या टाकून त्यांवर मीठ धरवतात. एका ऑगस्टमध्ये वरून पाणी आलं तेव्हा बाया नारळ-चुनरी घेऊन नदीच्या सामोऱ्या गेल्या. मीही गेले. पुढे फेस आणि काटक्या, मागे गढूळ लोंढा, आणि ढोल.

रंगाई-छपाईचा धंदा याच काठावर वाढला. पात्रालगतच्या विहिरींचं पाणी, कापड पसरायला मोकळी जागा, आणि ऊन तर फुकटच. शेठजी सांगतात की कोरं कापड बरंचसं आपल्याच भिवंडी-इचलकरंजीचं असतं. तिकडे जाऊन रंगतं आणि गांधीबागेत परत येतं. मला याची मजा वाटते. महाराष्ट्रात विणलेला परकर महाराष्ट्रातच नेसायचा, मध्ये नुसती आंघोळ घालायला मारवाडात न्यायचा.

आता तक्रार. मागच्या हिवाळ्यात मरून रंगाचे चौदा परकर शिवून दिले. आठवड्यात गिऱ्हाईक परत, पांढऱ्या साडीचा काठ गुलाबी झालेला. उरलेला तुकडा घरी बादलीत टाकून पाहिला. पहिलं पाणी कोकमाच्या सरबतासारखं, तिसरंही तसंच. चौथ्याला मी सोडून दिलं.

शेठजींनी पाणी न बघताच मान्य केलं. "धुलाई कमी झाली असंल जी." रंगवल्यावर कापडाला न बसलेला रंग भरपूर पाण्याने काढून टाकावा लागतो, आणि तिकडे पाण्याचीच तर मारामार. तिथे नीट धुतलं तर तो रंग लुणीच्या वाटेला लागतो, नाही धुतलं तर माझ्या बादलीत उतरतो. सांडपाण्याची प्रक्रिया केंद्रं आहेत, तरी तिकडच्या नद्यांचे हाल कोर्टापर्यंत गेलेत. लुणीला मिळणाऱ्या जोजरीच्या प्रदूषणाची 2025च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. हे वाचल्यापासून पक्क्या रंगाचा आग्रह धरताना मला जरा चोरट्यासारखं होतं. धरते मात्र.

उरलेला ताका शेठजींनी बदलून दिला. शिवलेल्या चौदांचे पैसे दिले नाहीत, शिलाई तर दूरच. "कात्री लागली की कापड तुमचं," म्हणाले. अकरा वर्षांच्या गिऱ्हाइकाला हे ऐकवायला नको होतं.

तरी पाचपैकी साडेतीन देते. फिकट रंग डोळे मिटून घ्या, पिस्ता, बदामी, मोतिया, सगळे छान. मरून, काळा, गर्द निळा घेताना आधी वीतभर तुकडा मागा. देतात, कुरकुर करत नाहीत. घरी मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी पांढऱ्या रुमालाने पुसून बघा. मी आता तसंच करते. काल आणलेल्या जांभळ्याचा तुकडा आत्ता मोरीत भिजतोय.