आठ महिने 'वीप' वापरल्यावर: मांजरा खोऱ्याचा हिशेब

'वीप' म्हणजे वॉटर इव्हॅल्युएशन अँड प्लॅनिंग. स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटचं हे पाणीवाटपाचं सॉफ्टवेअर. नकाशावर नदी, धरण, शहर, लाभक्षेत्र, भूजल असे ठिपके मांडायचे, ते रेषांनी जोडायचे, आकडे भरायचे. मग दर महिन्याला कुणाला किती पाणी मिळालं आणि कुणाचं किती तुटलं ते दिसतं. दारं किती उघडायची, पूर कधी पोचेल, हे त्याचं काम नाही. वरच्या टोकाला सोडलेलं पाणी त्याच टप्प्यात, म्हणजे हिशेबाच्या त्याच महिन्यात, खालच्या टोकाला पोचलं, असंच ते धरतं. पुरासाठी हेक-एचएमएस आणि हेक-रेससिम आहेत, दोन्ही फुकट.

इथला अनुभव मांजरा उपखोऱ्याचा आहे: धनेगावचं मांजरा धरण, लातूर शहर, कालवे आणि ऊस.

पहिलं काम वर्षाची सुरुवात बदलायचं. मुळात वर्ष जानेवारीपासून असतं, ते जूनपासून करा. हे नंतरसाठी ठेवलं तर सुरुवातीचा साठा चुकीच्या महिन्याला चिकटतो. 1 जूनचा तळाला गेलेला साठा जानेवारीत बसला की पहिलं वर्ष विनाकारण दुष्काळी निघतं.

सगळ्यात जास्त चुका धरणाच्या पानावर होतात. आपल्याकडे टक्के सांगतात ते उपयुक्त साठ्याचे. मांजरा धरणाचा एकूण साठा सुमारे 224 दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यात उपयुक्त 177 आणि मृत, म्हणजे दारांतून बाहेर न येणारा तळाचा, 47. वीपला क्षमता एकूण हवी आणि मृत साठ्याची रेषा वेगळी. क्षमतेच्या रकान्यात 177 भरून खाली 47 मृत दिलं की वापरायला उरतात फक्त 130. सुरुवातीचा साठाही मृत साठ्यासकट द्यायचा. बातमीत 'शून्य टक्के' असेल तर रकान्यात 47. दुष्काळात शहरासाठी मृत साठ्यातूनही पंपाने उपसा होतो, म्हणून त्या वर्षांच्या पर्यायात (वेगळी गृहीतकं धरून चालवलेल्या हिशेबात) ही रेषा खाली सरकवावी लागते. किती, ते गाळावर ठरतं. ताजं गाळ सर्वेक्षण नसेल तर मूळ 47 वर विसंबू नका, कारण गाळ त्याच थरात बसलेला असतो.

बाष्पीभवनाचा रकाना रिकामा राहिला तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, शून्य धरून पुढे जातं. मग मार्च ते मेच्या हिशेबात पाणी उडतच नाही आणि निकाल फार गोड दिसतो. 10 चौरस किलोमीटर पाण्यावरून एक मीटर उडालं की 10 दलघमी गेलं. भरायचं असतं ते निव्वळ, म्हणजे बाष्पीभवनातून पाऊस वजा करून, त्यामुळे जुलै-ऑगस्टचा आकडा उणे आला तरी घाबरू नका. बाष्पपात्राचा, म्हणजे उघड्या भांड्यातून उडालेलं पाणी मोजून काढलेला, आकडा असेल तर आधी 0.7 ने गुणा. पातळी आणि साठ्याचा तक्ता दोनच बिंदूंचा दिला तर सरळ रेषा होते आणि पाण्याचा पसारा प्रत्येक पातळीला सारखाच धरला जातो. पसरट धरणात त्यामुळे कमी साठ्याला बाष्पीभवन जास्त निघतं आणि भरलेल्या धरणात कमी. निदान आठ-दहा बिंदू द्या.

आता प्राधान्यक्रम, ज्यासाठी हे सॉफ्टवेअर घ्यायचं. 1 ते 99 असे आकडे, 1 सर्वांत आधी. एकाच आकड्यातल्या सगळ्यांची तूट सारख्या टक्क्यांनी होते. धरण भरण्याचं प्राधान्य मुळात 99 असतं, म्हणजे सगळ्यांचं भागल्यावर उरलं तर साठवायचं. शहराला 1 आणि उसाला 2 दिलं, तरी ऊस जानेवारी-फेब्रुवारीत धरण उपसून टाकतो आणि मे महिन्यात शहराचं प्राधान्य 1 असूनही द्यायला पाणी नसतं. प्रोग्राम एकेका महिन्याचाच विचार करतो, पुढचा उन्हाळा त्याला दिसत नाही.

यावर बफर थर वापरा, असं सर्रास सुचवलं जातं. ठरावीक पातळीखाली गेलं की त्या थरातल्या पाण्याचा ठरलेला हिस्साच दर महिन्याला बाहेर येतो. पण हा हिस्सा शहर आणि शेत असा भेद करत नाही, उसाबरोबर लातूरचाही नळ आवळला जातो. धरणाला उसाच्या वर प्राधान्य दिलं तर दुसरं टोक: धरण काठोकाठ भरेपर्यंत आवर्तनच (कालव्याला पाण्याची पाळीच) नाही. बऱ्याच खटपटीनंतर चाललेला मार्ग असा: सिंचनाची मागणीच साठ्यावर अवलंबून ठेवायची. 'प्रीव्हटीएसव्हॅल्यू' हे फंक्शन मागच्या टप्प्याचा साठा वाचतं, किती टप्पे मागे जायचं तेही सांगता येतं. नोव्हेंबरच्या मागणीत एक टप्पा मागे, डिसेंबरच्या मागणीत दोन, म्हणजे दोन्ही वेळा ऑक्टोबरअखेरचाच साठा. त्यातून शहराचं जुलैपर्यंतचं पाणी, बाष्पीभवन आणि मृत साठा वजा करा, उरेल ते आवर्तनांत वाटा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तोंडी होतो तो हिशेब हाच.

आकडे मांडले की शहर आणि उसाच्या वादाचं मूळ दिसतं. रोज 50 दशलक्ष लिटर लागणाऱ्या शहराला वर्षाला सव्वाअठरा दलघमी पुरतात. हेक्टरी 20,000 घनमीटर धरलं तर 1,000 हेक्टर उसाला 20 दलघमी. कालव्यातली गळती यात नाही, ती जोडरेषेवर टक्क्यांत वेगळी द्यायची. त्यातलं जमिनीत मुरणारं पाणी भूजलाच्या ठिपक्याकडे वळवा, नाहीतर ते हिशेबातूनच गायब होतं.

भूजल ही वीपची आपल्या भागातली सर्वांत कच्ची बाजू. ठिपका म्हणजे एक हौद, आणि क्षमता रिकामी सोडली तर तो अमर्याद. विहिरी सगळा ऊस भिजवतात, तूट शून्य, आणि पाहणाऱ्याला वाटतं गणित जमलं. इथे खाली बेसॉल्ट आहे, म्हणजे पाणी कमी धरणारा काळा कातळ. 1,000 चौरस किलोमीटरवर 10 मीटर झिजलेला थर आणि विशिष्ट उत्पन्न (थराच्या आकारमानातून प्रत्यक्ष निघणाऱ्या पाण्याचा हिस्सा) 2 टक्के धरलं तर हौद 200 दलघमीचा, बस. तोही उन्हाळ्यात एकसारखा उतरत नाही. एका शिवारात विहीर कोरडी आणि बांधापलीकडे पाणी, हे एका ठिपक्यात बसत नाही. मॉडफ्लो हे भूजलाचं सॉफ्टवेअर जोडता येतं, पण खडकाच्या भेगांचा डेटा आणायचा कुठून? त्यापेक्षा तालुकानिहाय हौद करून मासिक उपशाला कमाल मर्यादा घालणं बरं.

पावसासाठी 'अतिकोरडं, कोरडं, सामान्य, ओलं, अतिओलं' अशी वर्षांची सोपी पद्धत आहे. ती शिकायला ठीक. आपल्याकडे घात करते ती सरासरी नव्हे, तर वर्षांची ओळ: 2014 आणि 2015 लागोपाठ कोरडी गेली. म्हणून प्रत्यक्ष मासिक येव्याची (धरणात आलेल्या पाण्याची) सीएसव्ही फाइल जोडा. कसोटी 2016 वर घ्या. एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी परतीच्या पावसाने धरण भरलं. उन्हाळ्यातला तळ आणि ऑक्टोबरमधला भरलेला साठा, दोन्ही निघाले नाहीत तर पुढचे पर्याय चालवण्यात अर्थ नाही.

जायकवाडीसाठी वापरणाऱ्यांना एक अडचण नक्की येईल. 15 ऑक्टोबरला उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा समन्यायी वाटपाचा निकष. मासिक मांडणीत 15 ऑक्टोबर ही तारीखच नसते. सप्टेंबरअखेर धरली तर परतीचा पाऊस सुटतो, ऑक्टोबरअखेर धरली तर निर्णय पंधरा दिवस उशिरा. वर्षाचे 24 टप्पे करा. सगळा डेटा पंधरवड्याचा करावा लागतो, कंटाळवाणं आहे, पण ही मांडणी नंतर बदलायची झाली तर अर्धं काम पुन्हा करावं लागतं. मुळा, दारणापासून पैठणपर्यंतचा नदीतला व्ययही (वाटेत मुरणारं-उडणारं पाणी) पात्राच्या त्या-त्या तुकड्यावर टाका, नाहीतर सोडलेलं सगळं पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचलेलं दिसेल.

प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो. विकसनशील देशांतल्या सरकारी, शैक्षणिक आणि ना-नफा संस्थांना परवाना मोफत, सल्लागारांना विकत. परवान्याशिवाय उघडतं, पण काम सेव्ह होत नाही, हे मांजरेचे सत्तर ठिपके मांडायच्या आधी लक्षात ठेवा.