जाहिरातीत जायचंय: मास मीडियाची डिग्री घ्यावी की सायकॉलॉजीची?

मी दोन्हीकडे बसून आलोय, एक वर्ष मास मीडियाला आणि नंतर तीन वर्षं सायकॉलॉजीला, त्यामुळे जमेल तेवढं दोन्ही बाजूंनी लिहितो, पण माझा कल काही लपणार नाही. ज्यांना आर्ट डिरेक्टर, म्हणजे जाहिरातीचं चित्र आणि मांडणी बघणारा, व्हायचंय त्यांनी सरळ डिझाइनला जावं, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

मास मीडियाचं चांगलं आधी सांगतो. पहिल्या महिन्यातच हातात कॅमेरा आला, ब्रीफ (जाहिरात कुणासाठी आणि काय सांगायचं हे लिहिलेला कागद), स्टोरीबोर्ड (जाहिरातीचे सीन क्रमाने काढलेली चित्रं), मीडिया प्लॅन (जाहिरात कुठे आणि किती वेळा दाखवायची ते) हे शब्द कानावरून गेले आणि शिकवणारे दोघं-तिघं फील्डमधलेच असल्यामुळे इंटर्नशिपसाठी कुणाला फोन करायचा हेही कळलं. बातमीदारीत किंवा डॉक्युमेंटरीत जायचं असेल तर हाच रस्ता बरा असं मला वाटतं, कारण डेडलाइनवर लिहिणं, सोर्स जपणं, बदनामीचा कायदा कुठे आडवा येतो ते ओळखणं हे सगळं करून बघितल्याशिवाय येत नाही. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने 1908 मध्ये जर्नालिझम स्कूल सुरू केलं तेव्हा पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांकडून खरा पेपर काढून घेतला, ते उगाच नाही.

पण मला जाहिरातीत जायचं होतं, आणि तिथे एका गोष्टीने माझं डोकं फिरलं, ती म्हणजे ग्रुप प्रोजेक्ट. अख्ख्या वर्षात जवळजवळ प्रत्येक असाइनमेंट पाच-सहा जणांची. मला एडिटिंग येत होतं म्हणून दर वेळी एडिटिंग माझ्याच गळ्यात, आणि कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायला मिळावी म्हणून मी आलो होतो ती कुणीतरी दुसराच लिहायचा, मग मार्क सगळ्यांना सारखे. वर्षाच्या शेवटी एका जाहिरात एजन्सीत इंटर्नशिपसाठी गेलो, सहा प्रोजेक्ट दाखवले, समोरच्या बाईंनी शांतपणे सगळे बघितले आणि विचारलं, "यातली तू लिहिलेली ओळ कुठली?" एकही दाखवता आली नाही. त्या प्रश्नाने मी कोर्स बदलला. दुसऱ्या कॉलेजात असं नसेलही, पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार हीच होती.

सायकॉलॉजीत सुरुवातीला कंटाळा येतो हे मान्य करतो. ब्रीफ म्हणजे काय हे तिथे कुणी सांगत नाही, कॅमेरा नाही, ओळखी नाहीत, पहिलं वर्ष बरंचसं स्टॅटिस्टिक्समध्ये जातं. पण प्रत्येक रिपोर्ट एकट्याने लिहायचा असतो, चुकला तर आपला आणि जमला तरी आपलाच. आणि माणसाला प्रश्न कसा विचारायचा ते तिथे नीट शिकलो. "तुम्ही शाम्पू कसा निवडता?" असं विचारलं की लोक म्हणतात किंमत बघून, पण "शेवटचा शाम्पू घेतलात तेव्हा दुकानात नक्की काय झालं?" असं विचारलं की कळतं की आधी होता तोच उचलला, किंमत बघितलीच नाही. आज कामावर चांगला ब्रीफ लिहिता येतो तो या एका सवयीमुळे, असं मी म्हणेन.

हे दोन विषय एकमेकांना नवीनही नाहीत. वर्तनवादाचा, म्हणजे मनापेक्षा दिसणाऱ्या वागण्याचा अभ्यास करा म्हणणाऱ्या सायकॉलॉजीतल्या विचाराचा, जनक मानला जाणारा जॉन वॉटसन विद्यापीठ सोडून 1920 मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसन या एजन्सीतच गेला होता, आणि ग्राहकाला समजून घेणारा अकाउंट प्लॅनर हा वेगळा माणूस 1968 च्या सुमारास लंडनच्या एजन्सींनी नेमायला सुरुवात केली, ते काम म्हणजे बरंचसं हेच. मीडिया प्लॅनिंगमध्येही स्टॅटिस्टिक्सची भीती गेलेली असणं फार कामी येतं, 40 टक्के लोकांपर्यंत सरासरी 3 वेळा पोचलो म्हणजे 120 जीआरपी (टक्के गुणिले वेळा, जाहिरात एकूण किती पोचली याचं माप), पण 60 टक्क्यांपर्यंत 2 वेळा पोचलो तरी 120 च, मग या दोनात आपल्या प्रॉडक्टला कुठलं बरं हे ठरवायला आकड्याच्या मागे बघायची सवय लागते.

पोर्टफोलिओ मात्र सायकॉलॉजीवाल्याला स्वतःच उभा करावा लागतो, ती मेहनत धरूनच चाला. मी डिझाइन शिकणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर संध्याकाळी बसून तीन कॅम्पेन केली, ओळी माझ्या, चित्रं तिची. कॉपीरायटर आणि आर्ट डिरेक्टर यांना एकत्र बसवायची पद्धत अमेरिकन जाहिरातकार बिल बर्नबाकच्या एजन्सीने रूढ केली, ती दोघांच्या कामात किती छान बसते ते तेव्हा कळलं, आणि कुणाचं काय हा प्रश्नच आला नाही.

तुमचं मन मास मीडियावरच असेल तर ॲडमिशनआधी शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन जणांना एवढं विचारा, की एकट्याने केलेली कामं किती आणि ती दाखवा. चार-पाच जरी निघाली तरी माझी अर्धी तक्रार संपली, बिनधास्त घ्या, फक्त रिसर्च मेथडचा पेपर ऑप्शनल असला तर तो सोडू नका.