आमच्याच वावरातली माती आम्हालाच विकली

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, म्हणजे पूर्णेच्या काठच्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यात कोणी मातीच्या विटांचं ‘पर्यावरणपूरक’ घर बांधायच्या विचारात असेल, तर इसार देण्याआधी हे वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार दाखल आहे. पद्धत मात्र सगळी सांगते, कारण नाव बदललं तरी पद्धत तीच राहणार.

मातीच्या घराला आमच्याकडे कोणाचाच विरोध नव्हता. सासऱ्यांचं जुनं घर पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंतींचं, वर धाबं. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असलं तरी मधल्या खोलीत दुपारी झोप लागायची. तेच पडायला आलं म्हणून गावाबाहेरच्या प्लॉटवर नवीन बांधायचं ठरलं आणि नागपूरकडची ही पार्टी भेटली. खादीचे कुर्ते, आणि बोलणं इतकं गोड की सासूबाईंनी दोनदा चहा केला. पहिलंच वाक्य गांधीजींचं: घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं. गोष्ट खरी आहे, स्वस्त घरं बांधणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर ती सांगत असत. मग सेवाग्रामची बापूकुटी झाली, सिमेंटच्या कारखान्यांचा धूर झाला, आणि शेवटी मुद्दा आला. तुमच्याच वावरातली माती, मशीनमध्ये दाबलेली वीट, भट्टी नाही, कोळसा नाही, खर्च तिसऱ्या हिश्शाने कमी. सोबत हिरव्या पानाचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आणि मोबाइलमध्ये लालसर विटांची देखणी घरं. “ही आपली यवतमाळची साइट.”

ती घरं यवतमाळची नव्हती. पुतण्याने नंतर तेच फोटो इंटरनेटवर शोधून काढले, ते निघाले पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलचे. तिथली अर्थ (Earth, म्हणजे माती) इन्स्टिट्यूट कितीतरी वर्षांपासून दाबलेल्या मातीच्या विटांवर काम करते आणि त्यांची घरं पावसात उभी राहतात. पण तिथली माती लाल, रेताड. सिमेंट घालून दाबायच्या विटेला साधारण १५ टक्के बारीक खडे, ५० टक्के वाळू, १५ टक्के गाळ आणि २० टक्केच चिकण भाग लागतो, वर ५ टक्क्यांच्या आसपास सिमेंट. आपल्या काळ्या मातीत चिकण भागच ४० ते ६० टक्के. ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. उन्हाळ्यात वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण जन्मापासून पाहतो. अशा मातीची वीट करायची तर वाळू-मुरूम भरपूर घालावा लागतो आणि सिमेंटपेक्षा चुना जास्त मानवतो. हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. कोटेशनमध्ये मुरूम आणि वाळू लिहिलेली होती, त्याचे पैसेही घेतले. प्लॉटवर एक ट्रॉली उतरली नाही. जेसीबी लावून आमच्याच धुऱ्याजवळची माती उपसली आणि मशीनमध्ये घातली.

त्यात पाणी बोअरचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जनावरंसुद्धा तोंड वाकडं करून पितात, एवढं खारं. त्याच पाण्यात माल कालवला. विटेला निदान चार आठवडे ओलावा टिकवून ठेवावा लागतो, सुरुवातीचे दिवस तर झाकूनच. यांनी एप्रिलच्या उन्हात रांगा मांडल्या आणि आठवडा व्हायच्या आत भिंतीत बसवल्या. विचारलं तर उत्तर मिळालं, “उन्हानेच पक्क्या होतात ताई, नॅचरल प्रोसेस आहे.” हे ‘नॅचरल’ फार कामाचं निघालं. वीट वाकडी आली तरी नॅचरल, रंग बदलला तरी नॅचरल.

भिंती लिंटलपर्यंत आल्या तेव्हा गावातले म्हातारे मिस्त्री बघायला आले. “माय, पांढरीची माती निराळी अन् वावरातली निराळी. काळीची भीत कधी उभी राह्यलेली पायली का तू?” पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती, पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या-बांधलेल्या भिंतींची, ती काळीसारखी फुगत नाही, हे इथल्या प्रत्येक जुन्या गवंड्याला माहीत. कंपनीचा इंजिनीअर हसला. “काका, ही टेक्नॉलॉजी आहे.” मिस्त्रींनी वाद घातला नाही. रांगेतली एक वीट उचलली, पाण्याच्या बादलीत सोडली आणि घरी गेले. संध्याकाळी बादलीत वीट नव्हती. हात घालून बघितलं तर तळाशी लोण्यासारखा गाळ, त्यात पऱ्हाटीची मुळं आणि वाटाण्याएवढी न कालवलेली सिमेंटची गोळी. कंपनीचं म्हणणं, ती ट्रायल बॅचमधली वीट होती. तोवर ठरलेल्या रकमेतले बहुतेक पैसे त्यांच्याकडे पोचलेले होते, कारण करारात हप्ते तारखेवर होते, कामावर नाही.

बाकीचं घर त्यांनी घाईघाईने पुरं केलं आणि मृगाने सगळं उघडं पाडलं. पश्चिमेच्या भिंतीत बोट पेरभर आत जायचं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. पाया जेमतेम तीन फूट होता, काळ्या जमिनीत हे चालत नाही. पाऊस उघडला की भिंतीवर पांढरा लोणा चढायचा, जिभेला लावला तर खारट.

छताच्या बांबूची गोष्ट वेगळी, कारण तो बघताना चांगलाच दिसत होता. ‘मेळघाटचा, बोरॅक्स ट्रीटेड’ असं बिलावर. थोड्याच दिवसांत रोज सकाळी गादीवर बेसनासारखा पिवळा भुसा सांडलेला सापडायला लागला. वर बघितलं तर बांबूला टाचणीएवढी भोकं. किड्यांनी आतून पोखरला होता. ट्रीटमेंट म्हणजे वरून जळकं ऑइल आणि वार्निश. खरी पद्धत अशी की बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात बांबू काही दिवस बुडवून ठेवायचा, म्हणजे औषध आतपर्यंत मुरतं. त्याला हौद लागतो. तेव्हा बिल बघू नका, हौद दाखव म्हणा. धारणी तालुक्यातल्या लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र किंवा चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र, इथे एकदा जाऊन आलं तर ट्रीटेड बांबू कसा असतो ते डोळ्यांनी दिसेल.

‘ग्रीन अनुदान’ मिळवून देतो म्हणून फाइल फी घेतली, तिची पावतीही नाही. घरकुलाचे पैसेसुद्धा थेट लाभार्थ्याच्या खात्यात हप्त्याने येतात, मधल्या माणसाची गरज नसते. आणि त्या हिरव्या सर्टिफिकेटबद्दल एवढंच: ग्रिहा किंवा आयजीबीसी या हरित इमारती तपासणाऱ्यांचं रेटिंग इमारतीला मिळतं, ठेकेदाराला गळ्यात घालून फिरायला नाही. मातीच्या विटांसाठी भारतीय मानक आहे, आयएस १७२५. त्याप्रमाणे तपासल्याचा लॅबचा रिपोर्ट मागा, आणि तोही तुमच्या मातीच्या विटांचा, त्यांच्या कॅटलॉगमधल्या नव्हे. शासकीय पॉलिटेक्निक, इंजिनीअरिंग कॉलेज अशा ठिकाणी ही तपासणी करून मिळते. आयएसआय मार्क दाखवला तर त्यावरचा सीएम/एल, म्हणजे लायसन्सचा, नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघा.

माती तर घरीच कळते. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा. खाली वाळू बसते, मध्ये गाळ, वर चिकण. आमच्या मातीत वाळूचा थर शोधावा लागला.

पडलेल्या दोन भिंती आता फ्लाय अ‍ॅशच्या विटांत घेतोय. अकोला जिल्ह्यातल्या पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, राखेला तोटा नाही. वावराची माती उकरावी लागत नाही, भट्टीही लागत नाही. याही विटा मिस्त्रींनी आधी भिजवल्या. कोरडी वीट तोलायची, २४ तास पाण्यात ठेवायची, परत तोलायची. वजन २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर घ्यायची नाही. पहिल्या विटावाल्याचा माल त्यांनी याच कारणाने परत पाठवला. पैसे आता पाया, जोतं, लिंटल, छत असं काम बघून देतो.

तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. चौकशीला १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, भिंतीचे तारखेसह फोटो जपून ठेवा; आम्ही दोन विटा आणि बांबूचा एक तुकडाही पिशवीत बांधून ठेवला आहे.

कंपनीचं काम सुरूच आहे. त्यांच्या नव्या जाहिरातीत ‘अमरावती जिल्ह्यातली साइट’ म्हणून निळ्या दाराचं, समोर कडुनिंब असलेलं घर दाखवतात. ते आमचं आहे, आणि फोटो जून महिन्याच्या आधीचा आहे.