दल की पर्णिका?

झाडांची वर्णनं मराठीत लिहायला घेतली की पहिल्याच संयुक्त पानापाशी (म्हणजे एकाच पानाचे अनेक सुटे तुकडे असतात तिथे) ठरवावं लागतं: त्याच्या सुट्या तुकड्याला दल म्हणायचं की पर्णिका? 'पिनेट' (पिसासारखं), 'ट्रायफोलिएट' (तीन तुकड्यांचं) हे इंग्रजी शब्द तसेच देवनागरीत उतरवता येतात, पण ते आपल्या वहीपुरतेच ठीक.

दल सुटसुटीत आहे, हे मान्य. चिंच समदली (सगळे तुकडे जोडीने), कढीपत्ता विषमदली (टोकाला एक एकटा), बेल त्रिदली. एका शब्दात काम होतं. पर्णिका धरली की विषमदलीऐवजी 'विषमपिच्छाकृती'सारखे जोडाक्षरी डोंगर चढावे लागतात. (कडुनिंबापुढे दोन्ही पक्ष सारखेच फसतात. तो तसा विषम, पण टोकाची पर्णिका बऱ्याचदा नसतेच. चार-पाच पानं मोजल्याशिवाय लिहू नये.) मीही बरीच वर्षं दलच लिहीत होतो.

बिनसलं ते कुसुम नावाच्या झाडावरून. कोवळ्या पालवीचं झाड पाहून मी लिहिलं होतं, 'दले तांबडी, तकतकीत.' ती नोंद घेऊन एक मित्र झाडाखाली गेला आणि लाल पाकळ्या शोधत बसला. कुसुमाच्या फुलाला पाकळ्या नसतातच! चूक त्याची कशी म्हणणार? फुलाच्या वर्णनात दलपुंज म्हणजे पाकळ्यांचा संच, हे आपण शाळेतच शिकतो. मग माझ्याच जुन्या वह्या चाळल्या. पांगाऱ्याच्या पानावर 'दले तीन' आणि खाली चार ओळींवर 'दले लाल'. पहिली पानाची, दुसरी फुलाची. मला कळत होतं, कारण मी पांगारा पाहिला होता.

हिंगणाच्या पानाला दोनच पर्णिका असतात. त्याला द्विदली म्हणावं, तर वाचणाऱ्याला आधी डाळी आठवतात. तूरही द्विदल, आणि तिच्या पानाला पर्णिका मात्र तीन!

फुलांकडे न बघता फक्त पानांवरून झाडं ओळखणाऱ्याला कदाचित दल पुरेल. मी पर्णिकेकडे वळलो. 'त्रिपर्णी' मात्र टाळतो, त्यातून तीन स्वतंत्र पानं असल्याचा भास होतो. सरळ आकडा लिहितो. समदली-विषमदली ही जोडी अजून सुटलेली नाही, तिथे घोटाळा फारसा होत नाही.

कुसुमाची नोंद आता अशी आहे: पान संयुक्त, समदली, पर्णिका 2 ते 4 जोड्या, कोवळ्या असताना तांबड्या, फुलाला पाकळ्या नाहीत.