ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून दिवसभराची नॅरोबोट: जरूर घ्या, पण बाथ गाठायच्या मागे लागू नका

इंग्लंडमधे एका दिवसापुरती नॅरोबोट (कॅनॉलमधे चालणारी लांबट, अरुंद बोट) भाड्याने घ्यायची असेल तर केनेट अँड एव्हन कॅनॉलचा हा पट्टा डोळे झाकून निवडा, कारण ब्रॅडफर्डचं लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारं कुंड, त्याचे जड दरवाजे आपणच ढकलायचे) मागे राहिलं की पार बाथ शहर येईपर्यंत मधे एकही लॉक नाही, त्यामुळे आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असली तरी कोणाची दमछाक होत नाही. लायसन्स लागत नाही, निघायच्या आधी कंपनीचा माणूस बोट चालवून दाखवतो आणि आमचा तरी फार शांतपणे समजावणारा होता. टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं, बोट मधल्या भागावर फिरते म्हणून मागची बाजू बाहेर फेकली जाते, ब्रेक नसतोच, रिव्हर्स टाकून थांबवायची. आणि समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं, तिकडच्या रस्त्याच्या बरोब्बर उलट!

स्पीड लिमिट ताशी 4 मैल आहे पण तेवढाही मिळत नाही, कारण काठाला ओळीने बोटी बांधलेल्या असतात, त्यात लोक कायमचे राहतात, आणि आपण जोरात गेलो तर पाण्याच्या ओढीने त्यांच्या दोऱ्यांचे खुंटे उपटले जाऊ शकतात, म्हणून तिथे इंजिन अगदी मंद ठेवायचं. काठावरून चालणारे लोक आपल्या पुढे जातात आणि जाता जाता गप्पा मारतात, मला तर हेच सगळ्यात आवडलं.

माझी तक्रार एकच, बुकिंगच्या वेळी "बाथला जाऊन परत येता येईल" असं सांगितलं गेलं. या वेगाने एका दिवसात ते शक्यच नाही. डंडास अॅक्विडक्टपर्यंत जा, भरपूर झालं. इंजिनियर जॉन रेनीने बांधलेला, कॅनॉलच पलीकडे वाहून नेणारा हा दगडी पूल, खाली एव्हन नदी आणि रेल्वे, वर आपण बोटीत! त्याआधी अॅव्हनक्लिफला असाच आणखी एक लागतो. हा कॅनॉल कित्येक वर्षं बंद पडला होता, लोकांनी खपून दुरुस्त केला आणि 1990 मधे पुन्हा पूर्ण खुला झाला, ते आठवलं की अजूनच भारी वाटतं.

बोट वळवायला कॅनॉल रुंद लागतो, म्हणून कुठे वळवायची ते निघतानाच नकाशात खूण करून घ्या. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, गर्दी असते. छत्री ऐवजी रेनकोट न्या, टिलर धरून मागे उघड्यावरच उभं राहायचं असतं.